अर्ध्या इंचाचा उतार

४ जानेवारी

दादा,

नमस्कार. वाकून करायचा तो इथूनच करतो आहे, मानून घे.

चार वर्षांनी लिहितो आहे. फोन केला असता तर तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मला बोलता आलं नसतं. पत्राचं बरं असतं. ते पडून राहतं आणि माणूस त्याला वाटेल तेव्हा उघडतो.

काम असं आहे. सोबत दोन पानी फॉर्म पाठवला आहे, बाबांच्या देहदानासंबंधीचा. दुसऱ्या पानावर खाली दोन रेघा आहेत. पहिलीवर मी सही केली आहे. दुसरीवर तुझी हवी. कॉलेजची समिती अठ्ठावीस फेब्रुवारीला बसणार आहे. तोवर दोन्ही मुलांची संमती आली नाही तर जे तयार केलं आहे ते पुसून टाकणार. फॉर्मची भाषा कारकुनी आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

आमच्या विभागात शरीररचना शिकवायची नवी पद्धत आली आहे. मुलांना डोळ्यांवर चढवायचे चष्मे दिले आहेत. पोहणारे लावतात तसे, पण डब्याएवढे जाड. ते घातले की समोर माणसाचं शरीर उभं दिसतं. हात हलवला की कातडी बाजूला होते, मग स्नायू, मग शिरा, मग हाडं. हवं तर हृदय खोलीएवढं मोठं करून त्यात शिरता येतं. यात दोन प्रकार आहेत. एकात आपली खोली दिसेनाशी होते. दुसऱ्यात खोली, खुर्च्या, शेजारचा मुलगा सगळं दिसत राहतं आणि त्यांच्यामध्येच ते शरीर उभं राहतं. आमच्याकडे दुसराच जास्त चालतो, कारण पहिल्यात दोघी-तिघी चक्कर येऊन खाली बसल्या.

हे शरीर चित्रकाराने मनाने काढलेलं नाही. दान आलेल्या एका देहाचे स्कॅन आणि थराथराने घेतलेले फोटो जोडून केलं आहे. फॉर्मवर 'क्रमांक सतरा' लिहिलं आहे तो देह. देहदानाचा कागद दोन वर्षांचा होता. चष्म्यातल्या देहाला मुदत नाही, म्हणून संमती नव्याने घेत आहेत.

माझं स्वतःचं काही म्हणणं नाही. तुला योग्य वाटेल ते कर.

मी जुन्याच जागी आहे. डिसेक्शन हॉलमध्ये परिचर म्हणून तेवीस वर्षं झाली. टाक्या आणि टेबलं आहेतच, त्यात आठ चष्म्यांची भर पडली. ते पुसायचे, चार्ज करायचे, वेळापत्रकाप्रमाणे द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. निम्मा दिवस आता फॉर्मेलिनपासून लांब जातो. घरी म्हणतात, तुमच्या अंगाला आता माणसाचा वास यायला लागला. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला तुझी आठवण येते, असं ती म्हणत नाही, पण तू शिवलेला फ्रॉक तिने टाकलेला नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा


२० जानेवारी

दादा,

परवा वहिनींचा फोन आला. "भाऊजी, पत्र पोहोचलं एवढंच सांगायला केला," म्हणाल्या आणि वीस मिनिटं बोलल्या.

मी विचारलं, "दादाने वाचलं का?"

"दोनदा. पहिल्यांदा उभ्याने, दुसऱ्यांदा चष्मा शोधून."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, सही हवी असली की याला मोठा भाऊ आठवतो. मग कापड बेतायला बसले. पत्र खडूच्या डबीखाली आहे. हलवू देत नाहीत."

त्यावर मी विषय बदलला. का बदलला ते पुढे कधीतरी लिहीन.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी आडून लिहिली होती. क्रमांक सतरा म्हणजे बाबा. फॉर्मवर त्यांचं नाव आहे, त्यामुळे तुला कळलंच असेल. पण ते मी माझ्या हाताने लिहायला हवं होतं.

ते हॉलमध्ये होते तोवर मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, मला त्या टेबलाचं काम दिलं नव्हतं. "तुम्ही सतराला हात लावायचा नाही," एवढंच म्हणाल्या आणि दुसरा माणूस नेमला. नियम बरोबर होता. मी हात लावला नाही. चाव्या मात्र माझ्याकडेच होत्या. सकाळी पंधरा मिनिटं आधी जाऊन चादर सरळ आहे का एवढं बघायचो. मुलांचं काम संपलं, फोटो संपले, दोन वर्षांनी कॉलेजने रीतसर निरोप दिला. त्या दिवशी वहिनींकडून तुला कळवलं होतं. तू आला नाहीस.

त्यामुळे चष्म्यात कोण आहे हे मला माहीत होतं, तरी सहा महिने मी तो डोळ्यांना लावला नाही. एकदा बॅटरी तपासायची म्हणून लावला. चेहरा नाही, दादा. ओळख राहू नये म्हणून मॅडमनी तो गुळगुळीत करून घेतला आहे, पुतळ्याचा असतो तसा. कुणालाच ओळखू येणार नाहीत. मी कातडी बाजूला केली, स्नायू बाजूला केले. गळ्याखालच्या आडव्या हाडावर, डाव्या हासळीवर, ती गाठ होती. बाबा दुकानाची पाटी रंगवत होते आणि तुझ्या हातून शिडी सुटली, तेव्हाची. हाड वेडंवाकडं जुळलं होतं ना, अगदी तसंच आहे. मी बोट लावायला गेलो तर बोट आरपार गेलं.

डावी म्हणजे त्यांची डावी. आमच्याकडे डावं-उजवं बघणाऱ्याचं नसतं, देहाचं असतं. नवी मुलं पहिले पंधरा दिवस यातच चुकतात. मी त्यांना सांगतो, तुम्ही कुठे उभे आहात ते विसरा, तो कसा उभा आहे ते बघा.

मुलं त्यांना आजोबा म्हणतात. "आज आजोबांचं पोट आहे," असं एकमेकांना सांगत आत येतात. त्यात टवाळी नसते. खोलीच्या मधोमध फरशीवर एक पिवळी खूण आहे, तिथे ते उभे राहतात. चष्मा नसेल तर तिथे काहीच नाही. तरीही चष्मे वाटताना मी त्या जागेला वळसा घालून जातो. परवा एका मुलाने बघितलं. म्हणाला, "मामा, तिथे कोणी नाही." मी म्हटलं, "तुझ्या डोळ्यावर चष्मा आहे आणि तूच सांगतोस होय?" सगळे हसले. तोही हसला.

सकाळी हॉल उघडला की दारात हात जोडायची माझी सवय तुला माहीत आहे. नव्या खोलीत टेबल नाही, टाकी नाही. कुठे बघून हात जोडायचे ते कळेना. शेवटी चार्जरच्या कपाटाकडे बघून जोडतो. देवाला चालत असावं.

माझं काही म्हणणं नाही असं लिहिलं होतं. तेही खरं नाही. पुसू नये असं मला वाटतं.

तुझा धाकटा


७ फेब्रुवारी

दादा,

पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं, फॉर्म होता आणि त्याला चिकटलेला निळा दोरा. दोरा मी ठेवून घेतला.

सही केलीस. मी खुर्चीतून उठलो आणि उगाच एक चक्कर मारून परत बसलो.

त्यानंतर जे झालं ते आता सांगतो. फॉर्म घेऊन ऑफिसात गेलो. तिथले मोठे कारकून प्रत्येक सही जुन्या कागदाशी ताडून बघतात. त्यांनी देहदानाची फाइल काढली. त्यात चार वर्षांपूर्वीचा 'हरकत नाही' असा कागद आहे, त्यावरही दोन्ही मुलांच्या सह्या आहेत. दोन्ही कागद शेजारी ठेवून ते बराच वेळ बघत राहिले.

"ही कोणाची?"

"माझ्या मोठ्या भावाची."

"आणि ही जुनी?"

"तीही त्यांचीच."

"म्हणजे एक तर भाऊ दोन, नाहीतर त्यांना हात तीन." मग जुन्या सहीवर बोट ठेवून म्हणाले, "ही बघा. कशी गोल, जपून काढलेली. खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. याला म्हणतात सही. आणि ही नवी? कोंबडी शाईत पाय बुडवून गेल्यासारखी. नवी खोटी आहे. मी लिहून देतो."

तुझी खरी सही त्यांनी नाकारली. फाइलमधली खरी ठरली.

दादा, फाइलमधली मी केली होती.

बाबा पहाटे गेले. तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, "मी येईपर्यंत काही करू नकोस." तुला पोहोचायला दुपार होणार होती. देह घ्यायचा तर लवकर घ्यावा लागतो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. बाबांनी दोघांनाही सांगून ठेवलं होतं. तुझी हरकत होती हेही त्यांना ठाऊक होतं. मोठा मुलगा म्हणून शेवटचा निरोप तुला तुझ्या हाताने द्यायचा होता. कागदावर दोन रेघा होत्या. पहिलीवर मी माझी सही केली, पेन खाली ठेवलं, परत उचललं.

तू आलास तेव्हा सगळं झालं होतं. तू म्हणालास, "निदान विचारायचं तरी." मी म्हणालो, "विचारायची गरज नव्हती, बाबांच्या सहीवर झालं." तू त्याच पायरीवरून परत फिरलास. घरात आला नाहीस. तुझा समज असा की कागदाला तुझी गरजच लागली नाही. खरं म्हणजे लागली होती. मी ती तुझ्याकडे मागितली नाही.

सही कुठून उचलली तेही सांगतो. प्रगतिपुस्तकावरून. बाबा पाट्या रंगवायला गावोगाव असायचे आणि 'पालकांची सही' या ओळीवर तू सही करायचास. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा पालक. गोल अक्षर, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. मला वाटलं तुझी सही आयुष्यभर तीच असणार. ती बदलली असेल हे डोक्यातच आलं नाही.

आता कारकून म्हणतात, भावाने स्वतः येऊन समोर सही करावी, ओळखपत्रासह. तुला हे सगळं सांगितल्यावर 'ये' म्हणायला मला तोंड नाही. तारीख तेवढी कळवतो. अठ्ठावीस.

तुझा धाकटा


१२ फेब्रुवारी

दादा,

जुनी सही कुणाची ते मॅडमना मी स्वतः सांगितलं. तू आलास तर तुला माझ्यासाठी खोटं बोलावं लागू नये म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला (साधा, वाचायचा) आणि म्हणाल्या, "लिहून द्या." लिहून दिलं. मला लेखी समज मिळाली, ती माझ्या फाइलला लागली. त्या म्हणाल्या, त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी एवढ्यावर सुटलो नसतो. ते मला कळतं.

लिहायला बसलो आहे तर दुसरंही लिहून टाकतो. शिडी तुझ्या हातून सुटली असं मी मागे लिहिलं. घरात सगळे तसंच म्हणत आले, तूही तेच सांगितलंस. बाबांनी शिडी धरायला तुला सांगितलं होतं. तू मला म्हणालास, "मिनिटभर धर, पाणी पिऊन आलो," आणि नळावर गेलास. शिडी माझ्या हातात होती. रस्त्यावरून एक माणूस आरसा घेऊन चालला होता, मोठा, कपाटाचा. आरशात आम्ही दिसू का ते बघायला मी दोन पावलं पुढे गेलो. एवढंच. मागे वळलो तेव्हा बाबा खाली होते आणि पिवळा रंग त्यांच्या अंगावरून वाहत होता.

तू पळत आलास आणि कुणी विचारायच्या आत म्हणालास, "माझ्या हातून सुटली." मी आठ वर्षांचा होतो. नंतर अठराचा झालो, अठ्ठावीसचा झालो, आता पन्नाशीला आलो. सांगायला पुष्कळ वेळ होता.

दोन्ही वेळा काम माझं आणि नाव तुझं. रोज देवासमोर उभा राहतो, पण त्याला हे सांगितलं नाही. त्याला माहीत असणार, असं धरून चालत आलो.

यायचं नसेल तर येऊ नकोस. पुसलं गेलं तर ते माझ्यामुळे पुसलं गेलं, एवढं मी समजून आहे.

धाकटा


२ मार्च

दादा,

तू घरी पोहोचल्याचं वहिनींनी कळवलं. टेप गळ्यात तशीच घालून आला होतास, आणि बसमधले लोक बघत होते असं म्हणालास. जातानाही ती गळ्यातच होती. मी मुद्दाम सांगितलं नाही.

चष्मा घातलेल्या माणसाला आपण बाहेरून कसे दिसतो ते कधी कळत नाही. म्हणून तू कॉलेजात आलास त्या दिवशीचं मला दिसलं तसं लिहितो आहे. तुझ्याजवळ असू दे.

ऑफिसात कारकुनांनी तुला तीन वेळा सही करायला लावली. तिसऱ्या वेळी तू म्हणालास, "अहो, सही करतोय की उठाबशा काढतोय?" तीनही एकसारख्या निघाल्या, कोंबडीसकट. मग त्यांनी जुना कागद पुढे केला. "हे प्रकरण मॅडमनी मला सांगितलंय. तरी विचारतो. ही ओळखता?"

तू ती हातात धरून बघितलीस. मी खिडकीकडे तोंड केलं. तू म्हणालास, "ओळखतो की. माझीच आहे, शाळेतली. यानं जपून ठेवली."

कारकुनांना काय लिहावं ते सुचेना. तू मात्र नवा फॉर्म पुढे ओढला नाहीस. म्हणालास, "आधी दाखवा. सही कशावर करायची ते बघायला नको?"

खोलीत एक मुलगी तास संपवून चष्मा परत करत होती. तिनेच तुला तो घालून दिला, मागचा पट्टा घट्ट केला, आणि तुला पिवळ्या खुणेसमोर उभं करून म्हणाली, "आजोबा इथे उभे आहेत." तू कोण आहेस ते तिला ठाऊक नव्हतं. तू मान वर केलीस. बाबा आपल्यापेक्षा चार बोटं उंच होते, तुझी मान बरोबर तेवढीच वर गेली.

 एकदा पूर्ण फेरी मारलीस. मग समोर येऊन दोन्ही हात उचललेस आणि मोकळ्या हवेत एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यापर्यंत हात फिरवलास. गिऱ्हाइकाचं माप घेण्याआधी नुसत्या नजरेने अंदाज घेतोस तसा. एकदा, दोनदा. तुझा हात गळ्यातल्या टेपकडे गेला आणि परत खाली आला. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तिला मानेने खुणावलं, थांब.

"हे बाबा नव्हेत," तू म्हणालास.

मी म्हटलं, "दादा, चेहरा मुद्दाम पुसलाय."

"चेहरा कोण बघतंय? खांदे बघ. सारखे आहेत."

मी म्हटलं, "डाव्या हासळीवर गाठ आहे. मी स्वतः बघितली आहे."

"आणि उजवीवर?"

मी दुसरा चष्मा घातला. दादा, तेवीस वर्षं मी या कामात आहे. मुलांना रोज सांगतो, दोन्ही बाजू बघा. पण या शरीराची मी एकच बाजू बघत आलो होतो. ती सापडली की पुढे हात जायचाच नाही, चष्मा उतरवायचो. उजवीकडे वळलो. तिथेही तीच गाठ. तसंच वेडंवाकडं जुळलेलं हाड, फक्त उलट्या अंगाने.

मुलीने हे शरीर तयार करणाऱ्या संगणकवाल्याला बोलावून आणलं. त्याने सरळ सांगून टाकलं. पहिल्या वर्षाची मुलं उजव्या हातापासून सुरुवात करतात. स्कॅनची वेळ आली तोवर उजवी हासळी कापून झाली होती, नीट उरली नव्हती. म्हणून त्याने चांगली राहिलेली डावी बाजू घेतली आणि तिचं आरशातलं प्रतिबिंब उजवीकडे बसवलं. "असं सगळीकडे करतात," म्हणाला. "माणूस दोन्हीकडून सारखाच असतो."

"तुम्ही कधी शर्ट शिवलाय का?" तू विचारलंस.

"नाही."

"मग राहू द्या. दोन्हीकडून सारखा माणूस माझ्याकडे चाळीस वर्षांत एक आला नाही. यांचा डावा खांदा अर्धा इंच उतरता. प्रत्येक शर्टाला मी डावीकडे अर्धा इंच काढलाय."

तो बिचारा सांभाळून घ्यायला म्हणाला, "काका, यात एवढं काही बिघडत नाही. उलट मुलांना जुळलेलं हाड दोनदा बघायला मिळतं."

तू चष्मा काढलास. कपाळावर त्याचा वळ उमटला होता. आवाज चढवला नाहीस. म्हणालास, "बाबा एकदाच पडले होते."

 मुलगी पिवळ्या खुणेपासून एक पाऊल मागे सरकली.

तू मॅडमना सांगितलंस, उजवी बाजू नीट करा, तर माझी संमती आहे. त्या म्हणाल्या, समितीकडून मार्चअखेरपर्यंत मुदत मागते. तू फॉर्म घेतलास, सही केलीस, तारखेची जागा रिकामी ठेवलीस आणि कागद कारकुनांना न देता माझ्या हातात दिलास. "खांदा उतरला की तू तारीख घाल." कारकून म्हणाले, "यांच्याकडे देताय? यांच्याकडे?" तू म्हणालास, "सही माझी झालीय. आता फक्त तारीख राहिली. तेवढी तो घालेल."

बसथांब्यावर आपण उभे होतो तेव्हा तू बसच्या दिशेने बघत बोलत होतास, त्यामुळे तुला वाटलं असेल की मला ऐकू आलं नाही. सगळं ऐकलं.

"शिडीचं मला माहीत होतं," तू म्हणालास. "नळावरून दिसत होतं. आरसा, आणि तू त्याच्यामागे."

"मग बोलला का नाहीस?"

"तू आठ वर्षांचा होतास." मग म्हणालास, "सहीचं माहीत नव्हतं."

बस आली. तू चढलास. खिडकीतून हात केला नाहीस, पण टेप सारखी केलीस.

धाकटा


२१ मार्च

दादा,

तुझ्या माप-वहीच्या पानाचा फोटो वहिनींनी पाठवला, तो मॅडमना दाखवला. बाबांचं नाव, खाली मापं, आणि शेवटी तुझ्या कोंबडीच्या अक्षरात 'डावा खांदा उतार अर्धा इंच, पॅड घालू नये, चालत नाही म्हणतात'. संगणकवाला म्हणाला, शिंप्याच्या वहीवरून शरीर बसवायची ही पहिलीच वेळ. मॅडम म्हणाल्या, "जिवंतपणी माप घेतलेलं आहे. तुमच्याकडे तसं दुसरं काही आहे का?" तो कामाला लागला.

उजवी हासळी दुसऱ्या एका दात्याची घेतली आहे, क्रमांक तेवीसची. ती बाई होती. हाड बारीक निघालं, ते बाबांच्या मापाला वाढवून घ्यावं लागलं. तिच्या मुलीची संमती मॅडमनी आणली. मी मुलीला भेटलो नाही. सकाळी हात जोडताना आता दोघांसाठी जोडतो, कपाटाकडेच बघून.

काम आज पुरं झालं. पहिला चष्मा मी लावला. डावीकडून बघितलं, मग उजवीकडून, मग तुझ्यासारखी पूर्ण फेरी मारली. उजवीकडचं हाड सरळ आहे. डावा खांदा उतरला आहे. जाड कोट घातला की बाबा जसे एका अंगाला झुकून उभे राहायचे, तसे उभे आहेत. चेहरा नाही, पण आता त्याची गरज लागत नाही.

दहा वाजता पहिल्या वर्षाची तुकडी आली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तुला चष्मा घालून देणारी तीच मुलगी म्हणाली, "मामा, आजोबा वाकडे उभे आहेत का?"

"वाकडे नाहीत. ते तसेच होते."

"डावी हासळी मोडून जुळलीय. कशाने?"

"शिडीवरून पडले होते."

सगळे डावीकडे गोळा झाले. कोणी हाड मोठं केलं, कोणी फिरवलं. मागून एकाने विचारलं, त्याला काय माहीत, विचारायचं म्हणून विचारलं, "शिडी कोणी धरली नव्हती का?"

"धरली होती," मी म्हटलं. "मी."

चष्मे माझ्याकडे वळले. आठ जाड काळे चष्मे, त्यांच्यामागचे डोळे काही दिसत नव्हते. मग एकेक करून ते परत हाडाकडे वळले, कारण तास चालू होता.

तास संपल्यावर चष्मे पुसले, मोजले, कपाटात लावले. मग तुझा फॉर्म काढला. तुझ्या सहीखाली माझ्या अक्षरात आजची तारीख घातली आहे. या वेळी तुला विचारून.

तुझा धाकटा